न पाहिलेल्या मालिकेला साडेचार तारे

दर शुक्रवारी दुपारी एकच्या ठोक्याला परीक्षकाचं मत दोनशे चाळीस माणसांच्या फोनवर जाऊन पडायचं. परीक्षक हे त्याचं टोपणनाव. पोटापाण्यासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर हा मेण चढवायचा, एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकी द्यायचा आणि डबीत घालून परत पाठवायचा. तीस वर्षं हे काम केलं, पण ज्याच्या तोंडात ती कवळी जायची तो माणूस त्याने कधी पाहिला नाही. पाहायची गरज काय, साच्यावरून सगळं कळतं, असं तो म्हणायचा. तसं त्याला बहुतेक सगळंच कळायचं.

निदान सिनेमातलं तरी. त्या वर्षी एका अवाढव्य युद्धपटाला त्याने एक तारा दिला होता, आणि तोही घोड्यांनी मन लावून काम केलं म्हणून. पोलिसांची आठ भागांची मालिका आली, सगळं जग तिच्यामागे वेडं झालं. याने लिहिलं की खुनी कोण ते पहिल्याच भागात कळतं, उरलेले सात भाग पोलिसांना कधी कळतंय याची वाट बघण्यात जातात. एका गाजलेल्या प्रेमकथेबद्दल लिहिलं, 'आपलं एकमेकांवर प्रेम आहे असं दोघं मिळून अकरा वेळा सांगतात. मी मोजलं. अकराही वेळा मला शंका आली.' लोक हसायचे, पुढे पाठवायचे, आणि शुक्रवारी एक वाजून पाच मिनिटांनी मजकूर आला नाही तर 'तब्येत बरी आहे ना' म्हणून विचारायचे.

त्याचा नियम एकच. बोलून दाखवलं की संपलं. दुःख ज्याचं त्याने गिळावं, ओळखायचं काम प्रेक्षकाचं. जानेवारीत फेरीबोट चालवणाऱ्या एका माणसावरचा छोटासा सिनेमा आला होता. माणसाची नोकरी जाते, तो बायकोला सांगत नाही, रोज डबा घेऊन निघतो आणि धक्क्यावर जाऊन बसतो. परीक्षकाने चार तारे दिले आणि लिहिलं, 'न सांगणाऱ्या माणसाची उंची सांगणाऱ्याला कधी येत नाही.' हे वाक्य एवढं फिरलं की त्याच्याचकडे तिघांकडून परत आलं. शाळेत गणित शिकवणारी त्याची बायको ते वाचून म्हणाली, "तुम्हाला साधी सर्दी झाली तर चार दिवस घर डोक्यावर घेता."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती काही त्याला शोभा देणारी नाही. सिनेमे तो पाहायचा, मालिका पाहायचा नाही. रोज रोज तेच दिवाणखाने आणि तीच रडारड कोण बघणार? पण वाचणाऱ्यांना मालिकांवरही मत हवं असायचं. मग ते यायचं कुठून? ताईकडून.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. बसने सहा तासांच्या अंतरावर राहायची. टेलिफोन खात्यात जन्म काढला, नवरा गेला, निवृत्त झाली, आणि मग संध्याकाळी ओळीने चार मालिका बघायला लागली. दर रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा. हा सोफ्यावर आडवा पडून फोन छातीवर ठेवायचा, हातात वही घ्यायचा, आणि ती सासूचा, सुनेचा, वकिलाचा, सगळ्यांचे आवाज काढून आठवडाभराचं कथानक सांगायची. तो मधेमधे प्रश्न विचारायचा, नाकं मुरडायचा आणि तारे ठरवायचा. शुक्रवारी ते मत त्याच्या नावावर जायचं. पंधरा वर्षं हा कारभार चालू होता आणि कुणाला पत्ता नव्हता. ताईची कधी तक्रार नव्हती. पहिला सिनेमा त्याला तिनेच दाखवला होता, शाळा बुडवून, आणि घरी दोघांच्या वाट्याचा मार एकटीने खाल्ला होता.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी ताई म्हणाली, "बाब्या, एक नवीन लागलीय."

"नाव काय?"

ताईने आधी 'नाव ना...' म्हणून शब्द लांबवला. मग म्हणाली, "कोपऱ्यातलं कपाट."

"नाव बरं आहे. आहे काय त्यात?"

"एक बाई आहे. माझ्याच वयाची. नवरा नाही. मुलगा आहे, त्याची मोठी परीक्षा आहे चार-पाच महिन्यांवर. तर एक दिवस अंघोळ करताना तिला गाठ लागते हाताला."

"कुठे?"

"इथे... काखेच्या खाली. वाटाण्याएवढी. दुखत वगैरे नाही."

"झालं. आता रडारड सुरू."

"नाही ना. ती कुणालाच सांगत नाही. तेच विचारायचं होतं तुला. सांगावं का रे तिने?"

परीक्षक सोफ्यावर उठून बसला. "अजिबात नाही. सांगितलं की मेली ती मालिका. मुलगा परीक्षा सोडणार, सगळे भोवती गोळा होणार, बाई बिछान्यात पडून उपदेश करणार. हजार वेळा पाहिलंय. तिने गप्प राहावं. त्यातच मजा आहे."

"असं म्हणतोस?"

"म्हणतोस काय, लिहून देतो."

"बरं," ताई म्हणाली.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. त्याला कळलं नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे. उलट त्याला बरं वाटलं. ताईची आवड सुधारली, इतक्या वर्षांच्या आपल्या मेहनतीचं चीज झालं, असं त्याने त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. त्या वेळी ताईची मुलगी, म्हणजे त्याची भाची, माहेरी येऊन राहिली होती. दोनदा गर्भ टिकला नव्हता, आता तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही आणि जिवाला लावून घ्यायचं नाही अशी ताकीद दिली होती. हे त्याला ठाऊक होतं. फोन ठेवताना तो नेहमी तिची चौकशी करायचा. पण मालिकेत मुलगा होता आणि घरात मुलगी, एवढ्यावर त्याचं डोकं थांबलं.

मार्चमध्ये गाठ गोटीएवढी झाली. मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून बाईने नवऱ्याचे जुने सैल शर्ट घालायला काढले आणि थंडी वाजते असं सांगितलं. परीक्षकाला हे इतकं आवडलं की त्याने ताईला ते दोनदा सांगायला लावलं. शुक्रवारी त्याने लिहिलं, 'मेलेल्या नवऱ्याचा शर्ट! एक शब्द न बोलता लेखकाने भीती, आठवण आणि लपवाछपवी एकाच बटणात बसवली आहे.' साडेतीन तारे.

एप्रिलमध्ये बाई डॉक्टरांच्या दारापर्यंत गेली, पाटीवरच्या वेळा वाचल्या आणि परत आली.

"आत जायला हवं होतं का रे?" ताईने विचारलं.

"छे. आत गेली असती तर पुन्हा तेच दवाखान्याचं सोंग. पांढरे कोट, वाकडी तोंडं. दारातून परत आली ना, त्यातच सगळं आलं. चार तारे."

"चार?"

"चार. तुझ्या दुसऱ्या कुठल्या मालिकेला मी कधी अडीचच्या वर दिलेत का? बघ."

मेमध्ये गाठ अक्रोडाएवढी झाली, हात वर करताना ओढ बसायला लागली. त्या रविवारी ताईने इतर मालिकांचं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "तिला भीती वाटते रे."

"ते दाखवतात का?"

"नाही. दाखवत नाहीत. मला आपलं वाटलं."

"दाखवत नाहीत तेच बरं आहे," परीक्षक म्हणाला आणि वहीत तसं लिहून घेतलं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी त्याने आख्खा मजकूर त्या एकाच मालिकेवर लिहिला. साडेचार तारे. गेल्या दहा वर्षांत असं काही आलं नाही, असं छातीठोकपणे लिहिलं. शेवटी लिहिलं, 'या बाईने शेवटपर्यंत तोंड उघडू नये एवढीच माझी लेखकाला विनंती आहे.'

दोन तासांत विचारणा सुरू झाली. कुठल्या वाहिनीवर? किती वाजता? त्याचे वाचक म्हणजे चिवट माणसं. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी सगळ्या वाहिन्या, सगळी ॲप, जुनी वेळापत्रकंसुद्धा पालथी घातली आणि कळवलं की या नावाची मालिका अस्तित्वात नाही. शनिवारी सकाळपर्यंत तीसेक जणांनी तेच लिहिलं. एका शिंप्याने लिहिलं, 'तुम्ही मनापासून कौतुक केलेली ही पहिलीच मालिका, आणि नेमकी तीच सापडत नाही.'

परीक्षकाचा जीव टांगणीला लागला, पण कशासाठी, तर आपली अब्रू जाते की काय म्हणून. खोटं कशाला सांगा, त्या सकाळी त्याला दुसरं काहीच सुचलं नाही. पंधरा वर्षं न पाहता लिहिलं हे उघडं पडणार, लोक तोंडात शेण घालणार. हातातल्या साच्यावर दात उलटा बसवून त्याने ताईला फोन लावला.

"ती मालिका कुठल्या वाहिनीवर लागते?"

"ती बंद झाली."

"बंद झाली? कधी?"

"परवाच."

"अगं, पण नावही कुठे सापडत नाहीये. नीट आठव. दुसरंच काही नाव असेल."

"बाब्या, दूध उतू जाईल," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तो घरी आला तो धुमसतच. बायको जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होती. तिच्यासमोर बसून त्याने सगळा राग ओकला. ताईची स्मरणशक्ती चाललीय, नावं चुकीची सांगते, आणि मी इथे तोंडघशी पडतो. बायकोने लाल पेन खाली ठेवलं, त्याचा फोन ओढून घेतला आणि कालचा मजकूर पहिल्यापासून वाचला. मग मार्चमधला शोधून वाचला. त्याच्या लिखाणातलं तिने इतकं सलग आजवर कधी वाचलं नव्हतं.

"ताई बऱ्या आहेत ना?" तिने विचारलं.

"तिला काय धाड भरलीय? सकाळीच बोललो."

"परवा त्यांच्या मुलीला बघायला म्हणून मी व्हिडिओ लावला होता. ताई मागून गेल्या. भाऊजींचा तो निळा चौकड्यांचा शर्ट होता अंगात. एवढ्या उकाड्यात. मी विचारलं, तर म्हणाल्या, थंडी वाजते."

परीक्षक काहीतरी बोलायला गेला. लेखकांना हे सुचतं कुठून, खऱ्या आयुष्यातूनच तर, असं काहीसं ते होतं. ते वाक्य अर्ध्यावर अडलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "मालिका नाहीच आहे."

त्याने वही काढली. फेब्रुवारीपासूनची पानं उलटली. सांगावं का रे तिने. आत जायला हवं होतं का रे. तिला भीती वाटते रे. प्रत्येक पानावर तिचं एक वाक्य होतं आणि खाली त्याचं उत्तर होतं, अधोरेखित केलेलं. तो स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायचा तेवढा राहिला होता. बायकोने वही मिटली आणि सकाळच्या बसची वेळ बघितली.

रविवारी दुपारी ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात शर्ट होता. "अरे, आज चारला फोन करणारच होते, तर तू स्वतःच आलास," ती म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून दारातून बाजूला झाली. बाहेरच्या खोलीत भाची उशांना टेकून पडली होती, बाळंतपण महिन्याभरावर आलं होतं. "मामा, आता काय बघू ते सांग, छताकडे बघून बघून कंटाळले," ती म्हणाली. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोन सिनेमांची नावं सांगितली आणि तिसऱ्याचं नाव त्याला आठवेना.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने दार लोटलं. ताई भांडी विसळत होती, उजव्या हाताने. डावा अंगाशी धरला होता.

"केवढी झालीय?" त्याने विचारलं.

"हळू बोल. ती जागी आहे."

"मला सरळ का नाही सांगितलंस?"

"सरळ सांगितलं असतं तर तू घाबरला असतास. लहानपणापासून घाबरतोस. घाबरलास की तुला काही सुचत नाही." तिने भांडं पालथं घातलं. "सिनेमाचं म्हणून विचारलं की तू नीट विचार करून सांगतोस."

"ताई, मी मालिकेबद्दल बोलत होतो गं."

"ते कळतं मला. पण मी निरनिराळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. दरवेळी तू तेच म्हणालास. म्हटलं, इतकी माणसं याचं ऐकतात, बरोबरच असेल. आणि हिला सांगितलं असतं तर हिचं काय झालं असतं, ते तू फेब्रुवारीतच बोललास. सगळं सोडून भोवती गोळा होतील म्हणालास. खरं होतं ते."

परीक्षक स्टुलावर बसला. त्याला रडू येत होतं आणि संतापही येत होता, तिचा नाही, स्वतःचा. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला.

"बाळंतपण होऊ दे. एवढे दिवस काढले, आणखी एक महिना."

"उद्या."

"बाब्या, ऐक—"

"मी चुकलो, ताई. मला त्यातलं काही कळत नाही. कशातलंच काही कळत नाही."

"असं काय बोलतोस," ती म्हणाली आणि ओल्या हाताने त्याची पाठ थोपटायला लागली, जणू आजारी तोच होता. ते मात्र त्याला सहन होईना. तो उठला. "तू येत नसलीस तर मी आत्ता बाहेर जातो आणि तिला सांगतो. सरळ सांगतो."

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा खरंच सांगेल हे तिला दिसलं. "तिला नको सांगूस," ती म्हणाली. "येते मी."

सोमवारी सकाळी भाचीला सांगितलं की मामा आईला सिनेमाला नेतोय, दहाचा खेळ आहे. शेजारच्या काकू येऊन तिच्याजवळ बसल्या. भाची म्हणाली, "आई, निदान आज तरी बाबांचा शर्ट काढ." ताईने काढला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत होता. त्यांनी ताईला पडद्याआड नेलं. परीक्षक भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान बघत बसला आणि कान पडद्याकडे लावून होता. "काखेखाली नाहीये ही, छातीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई म्हणाली, "धाकट्या भावाला कसं सांगणार ना." दोघी बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरीणबाई हात धुऊन लिहायला बसल्या. त्यांचं तोंड वाकडं नव्हतं, पांढरा कोटही नव्हता. त्या नुसत्या घाईत होत्या.

"पहिल्यांदा कधी लागली हाताला?"

"झाले थोडे दिवस," ताई म्हणाली.

"थोडे म्हणजे? मला नीट कळायला हवं. किती होती, कशी वाढत गेली, सगळं."

ताई शर्टाच्या बटणाशी चाळा करायला लागली. तिला तारखा आठवत नव्हत्या. तेव्हा परीक्षकाने पिशवीतून वही काढली. घसा खाकरला. "फेब्रुवारीचा पहिला आठवडा," तो वाचायला लागला, "वाटाण्याएवढी, दुखत नाही. मार्च, तिसरा आठवडा, गोटीएवढी. एप्रिल, दुसरा आठवडा, आकार सांगितला नाही, दवाखान्याच्या दारातून परत. मे, चौथा रविवार, अक्रोडाएवढी, हात वर करताना ओढ बसते, भीती वाटते." मधले तारे त्याने गाळले. मधली वाक्यंही गाळली.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "इतकी व्यवस्थित नोंद ठेवलीत तुम्ही. मग आणलं का नाहीत?"

ताई लगेच म्हणाली, "मीच आले नाही."

"नाही," परीक्षक म्हणाला. "ती दर महिन्याला मला विचारत होती. मी तिला नको म्हणून सांगितलं. कुणाला सांगू नकोस, असं मीच सांगितलं."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग वहीकडे पाहिलं. "तुम्हाला कळतंय का," त्या म्हणाल्या, "चार महिने म्हणजे—"

"त्याला काही बोलू नका, डॉक्टर," ताई मधेच म्हणाली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्याचा काही दोष नाही. त्याला आपलं सिनेमातलं तेवढंच कळतं."

आणि हे ती त्याची बाजू घेऊन बोलत होती.